कामंदकीच्या वर्गातली खबरबात

भवभूतीच्या ‘मालतीमाधव’ नाटकातली सगळी गुंतागुंत एका जुन्या वर्गातून सुरू होते. भूरिवसू आणि देवरात तरुणपणी एकाच ठिकाणी शिकत होते. देशोदेशींहून आलेल्या त्या विद्यार्थ्यांत कामंदकीही होती. शिकत असतानाच या दोघा मित्रांनी एकमेकांना शब्द दिला, की पुढे आपल्याला मुले झाली तर त्यांचे लग्न लावून सोयरीक जोडायची. हा शब्द कामंदकी आणि सौदामिनी या दोघींच्या समक्ष दिला गेला. मग वाटा फुटल्या. भूरिवसू पद्मावतीच्या राजाचा अमात्य झाला. देवरात विदर्भराजाचा मंत्री होऊन कुंडिनपुरात राहिला. कामंदकीने भिक्षुणीची वस्त्रे घेतली, सौदामिनी श्रीपर्वतावर योगसाधनेला गेली. बरीच वर्षे लोटल्यावर देवराताकडून भूरिवसूकडे खबर येते, ती माणसाच्या रूपाने. तो आपला मुलगा माधव याला तर्कशास्त्र शिकण्याच्या निमित्ताने पद्मावतीला पाठवतो. मुलगा शिकायला आला एवढेच बाकीच्यांना दिसते, पण भूरिवसूला त्यात जुन्या शब्दाची आठवण ऐकू येते. नेमके त्याच वेळी राजाने आपल्या मर्जीतल्या नंदनासाठी भूरिवसूच्या मुलीला, मालतीला, मागणी घातलेली असते. अमात्याची खुर्ची एकीकडे, मुलगी आणि जुना शब्द दुसरीकडे. भूरिवसू राजाला दुहेरी अर्थाचे उत्तर देऊन गप्प बसतो, आणि जिला राजाचे काही देणे लागत नाही ती वर्गमैत्रीण, कामंदकी, सगळी सूत्रे हातात घेते.

गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावजवळचे पदमपूर हेच भवभूतीचे मूळ गाव पद्मपूर, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. आमगावच्या महाविद्यालयालाही भवभूतीचेच नाव आहे. हा कवी आपल्या नाटकांच्या प्रस्तावनेत आपले गाव, गोत्र, आजोबा भट्टगोपाल, वडील नीलकंठ, आई जतुकर्णी यांची नावे सांगतो आणि मग नाटकाला हात घालतो. पुढे कनौजच्या यशोवर्म्याच्या आश्रयाला असलेल्या कवींमध्ये कल्हणाने त्याचे नाव घेतले आहे. म्हणजे आठव्या शतकाच्या सुमाराला विदर्भाच्या या टोकाच्या गावातून उठून उत्तरेतल्या राजधानीपर्यंत पोचलेला हा माणूस. आज याच भागातली मुले गोंदियाला येऊन महाराष्ट्र एक्सप्रेस किंवा विदर्भ एक्सप्रेस पकडतात आणि पुण्या-मुंबईला व्यवस्थापन शिकायला जातात. काही नागपूरला राहतात. तिथे २०१५ पासून आयआयएमही आहे. ती शिकतात, नोकरीला लागतात, लग्ने करतात आणि मग दर पाच-दहा वर्षांनी एकमेकांना आपली खबर देतात. ही खबर कशी द्यावी, तिच्यात काय असावे, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. मला तो तसा वाटत नाही.

व्यवस्थापनाच्या कुठल्याही बॅचची रौप्यमहोत्सवी स्मरणिका उघडली तर नोंदींचा साचा ठरलेला असतो. आधी नाव, हुद्दा, कंपनी, शहर. मग एक स्वल्पविराम. त्यानंतर जोडीदार काय करतो किंवा करते, मुले किती, मोठी कुठल्या कॉलेजात, धाकटा कितवीत. शेवटी छंद म्हणून ट्रेकिंग नाहीतर मॅरेथॉन. पुरुषाच्या नोंदीत पहिला भाग लांबलचक आणि दुसरा एका ओळीचा. बाईच्या नोंदीत अनेकदा उलट, आणि मधे कुठेतरी ‘मुलांसाठी काही वर्षे ब्रेक’ असे चार शब्द. यात खोटे काही नसते. पण तो स्वल्पविराम पुष्कळ काही झाकतो. तीन वेळा शहर बदलून जो हुद्दा मिळाला, त्या तीन बदल्यांमध्ये घरातल्या दुसऱ्या माणसाच्या नोकरीचे काय झाले, गावाकडच्या आईबापांना दवाखान्यात कोणी नेले, हे त्या नोंदीत येत नाही. करिअर आणि घर या दोन वेगळ्या बातम्या असल्यासारखे शेजारी छापले जातात. वास्तविक त्या दोन्ही मिळून एकच वाक्य होते, आणि त्यातले एक दुसऱ्याचे कारण असते. वर्गमित्रांमधली खबर ही हिशेबाची असावी आणि हुद्दा व घर हे दोन्ही त्या हिशेबात एकाच पानावर यावेत, असे माझे म्हणणे आहे. हा हिशेब इतर कोणाला नाही दिला तरी चालेल, वर्गमित्राला मात्र द्यावा. भावंडांनी आपल्याला घरात पाहिलेले असते, सहकाऱ्यांनी हुद्द्यावर. ज्या दिवशी सगळे एका रेषेवर उभे होते, तोच अभ्यासक्रम, त्याच परीक्षा, तीच प्लेसमेंटची धावपळ, त्या दिवसाचे साक्षीदार फक्त वर्गमित्र असतात. नंतरच्या वीस वर्षांत कोण किती सरकले आणि कशाने सरकले, हे ताडून पाहण्याची सोय दुसऱ्या कुठल्याच नात्यात नाही.

हे ताडून पाहिल्यावर काय दिसते, याचा एक चांगला पुरावा शिकागो विद्यापीठाच्या व्यवस्थापन संस्थेतून आला. मरियान बर्ट्रांड, क्लॉडिया गोल्डिन आणि लॉरेन्स कॅट्झ या तीन अर्थशास्त्रज्ञांनी १९९० ते २००६ या काळात तिथून एमबीए झालेल्यांच्या पुढच्या वाटचालीचा अभ्यास केला आणि तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पदवी घेताना स्त्री-पुरुषांची कमाई जवळपास सारखी होती. दहाएक वर्षांनी पुरुषांची कमाई स्त्रियांच्या सुमारे १.८ पट झाली. एवढी तफावत कशाने पडली, तर पदवीपूर्वीच्या तयारीतला थोडा फरक, नोकरीत पडलेले खंड आणि आठवड्याला कामाला दिलेले तास, या तीन गोष्टींनी. त्यातल्या शेवटच्या दोन, म्हणजे खंड आणि तास, बहुतेक करून आईपणाशी जोडलेल्या होत्या. ज्यांच्या नवऱ्याची कमाई मोठी, त्या आयांनी तर पहिल्या मुलानंतर थोड्याच वर्षांत कामाचा वेग आणखी कमी केलेला दिसला. गोल्डिन यांना २०२३ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यामागे असेच दीर्घ काळाचे काम होते. मला या अभ्यासात महत्त्वाची वाटते ती त्याची मांडणी. हे सगळे लोक एकमेकांचे वर्गमित्र आहेत. बुद्धी, पदवी, सुरुवातीचा पगार यांत फार फरक नाही. त्यामुळे नंतर पडलेल्या अंतराचे खापर हुशारीवर फोडता येत नाही, ते शोधायला घरात जावे लागते. मोठ्या कमाईच्या माणसाच्या नोंदीतला हुद्दा आणि त्याच्या बायकोच्या नोंदीतला ‘ब्रेक’ ही एकाच व्यवहाराची जमा आणि खर्च बाजू असते. ती दोन वेगवेगळ्या बॅचच्या स्मरणिकांत छापली गेल्याने कोणाच्या नजरेत भरत नाही, इतकेच.

हार्वर्डच्या व्यवस्थापन संस्थेची गोष्टही याच वळणाची आहे. तिथली १९४९ ची बॅच ‘फॉर्च्यून’ मासिकाने गाजवली. त्या वर्गातून बड्या कंपन्यांचे इतके प्रमुख निघाले की तो वर्ग दंतकथा होऊन बसला. त्या वर्गात विद्यार्थिनी नव्हत्या. हार्वर्डने दोन वर्षांच्या एमबीएला मुलींना थेट प्रवेश दिला तो १९६३ साली. त्या गाजलेल्या पुरुषांच्या कहाण्यांत बायका आल्या त्या समासात. पुढे पन्नास वर्षांनी, २०१४ मध्ये, रॉबिन इली, पामेला स्टोन आणि कॉलीन अमरमन यांनी त्याच संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांच्या पाहणीचे निष्कर्ष मांडले. पदवी घेऊन बाहेर पडताना बहुतेक मुलींची अपेक्षा होती की आपले आणि जोडीदाराचे करिअर सारख्याच तोलाचे मानले जाईल. पुष्कळ मुलांची अपेक्षा होती की आपले करिअर पुढे राहील आणि मुलांचे बायको पाहील. नंतर पाहिले तर मुलांच्या अपेक्षा बहुतेक पुऱ्या झाल्या होत्या, मुलींच्या बऱ्याच राहिल्या होत्या. शेजारच्या बाकांवर बसून एकच केस सोडवणाऱ्या या दोघांच्या मनात घराविषयी काय आहे, हे त्यांनी एकमेकांना कधी विचारले असेल, असे वाटत नाही. आपल्याकडे निराळे काही असेल असे समजण्याला आधार नाही. भारत सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता आणि जे पुरुष घरकाम करत होते त्यांचा ९७ मिनिटे. या आकड्यांत शिकलेले, न शिकलेले सगळे आले. एमबीए झालेल्या घरात धुणेभांड्याला बाई असते, स्वयंपाकालाही असते. पण बाई आली नाही तर सुट्टी कोणी काढायची, हा प्रश्न तिथेही उरतो आणि त्याचे उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते.

क्लेटन ख्रिस्तेन्सेन हे हार्वर्डचे प्राध्यापक १९७९ च्या बॅचचे. बड्या कंपन्या नव्या तंत्रापुढे का कोसळतात, या सिद्धांतासाठी ते जगभर ओळखले गेले. २०१० मध्ये पदवी घेऊन निघालेल्या विद्यार्थ्यांपुढे त्यांनी आपल्या वर्गमित्रांविषयी मोकळेपणाने सांगितले. मेळाव्यामागून मेळावे होत गेले तसे अधिकाधिक मित्र दुःखी, घटस्फोटित, मुलांपासून तुटलेले दिसू लागले. एन्रॉनच्या घोटाळ्यात तुरुंगात गेलेले जेफ्री स्किलिंग त्यांच्याच वर्गातले. घर मोडायचे किंवा तुरुंगात जायचे, असे ठरवून कोणीच बाहेर पडले नव्हते. ख्रिस्तेन्सेन यांनी कारण सांगितले ते त्यांच्याच विषयातले होते. माणसापाशी अर्धा तास किंवा थोडी ताकद उरली की ती तो नकळत अशा कामाला लावतो, ज्याचे फळ लगेच दिसते. विक्री झाली, सादरीकरण संपले, बढती मिळाली. मूल नीट वाढवले की नाही हे कळायला वीस वर्षे जातात, म्हणून ते काम रोज थोडे मागे पडते. हे कारण मला पटते. त्याला एक जोड द्यावीशी वाटते. वर्गमित्रांना द्यायची खबर आपण ज्या साच्यात लिहितो, तो साचाही लगेच दिसणाऱ्या फळांनाच जागा देतो. बढतीला तारीख असते, म्हणून ती कळवता येते. वडिलांच्या अर्धांगवायूत तीन वर्षे त्यांच्याशेजारी बसून काढली, याला तारीख नसते. जे कळवता येत नाही त्याची किंमत हळूहळू कळवणाऱ्याच्या मनातही उतरते.

हा साचा विद्यार्थ्यांनी एकट्यांनी घडवलेला नाही. केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी व्यवस्थापन संस्थांना गुण देताना उत्तीर्ण विद्यार्थ्यांच्या मध्यक पगाराचा विचार करते. त्यामुळे वर्गाविषयीची पहिली जाहीर बातमी पगाराचा आकडा असते आणि पुढच्या सगळ्या बातम्या त्याच मापाने मोजल्या जातात. या मापात गोंदिया-आमगावकडे परत आलेला मुलगा बसत नाही. समजा, घरची राईस मिल आहे. त्याच्या नावापुढे ‘फॅमिली बिझनेस’ असे दोन शब्द छापतात आणि पुढच्या नोंदीकडे जातात. त्या दोन शब्दांत काय काय असते ते पाहा. आधारभूत किमतीने मार्केटिंग फेडरेशन किंवा आदिवासी विकास महामंडळाने घेतलेले धान भरडाईला आणले, की अरवा, म्हणजे न उकडलेल्या, तांदळासाठी क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ सरकारजमा करावा लागतो. धान जास्त सुकलेले किंवा तडकलेले असले की मिलमध्ये कणी वाढते, ६७ चा आकडा गाठता गाठता नाकी नऊ येतात आणि तूट मालकाच्या खिशातून भरावी लागते. कोंडा तेल काढणाऱ्यांना कोणत्या भावाने गेला, वीजबिल किती आले, भरडाईचे पैसे सरकारकडून कधी सुटले, तोवर बँकेचे व्याज किती चढले, हमालांचे दर कितीने वाढले, यावर हंगाम तरतो किंवा बुडतो. वर्गात जे खेळत्या भांडवलाचे गणित शिकवले, ते इथे दर पंधरवड्याला स्वतःच्या घरावर तारण ठेवून सोडवावे लागते. बरे, या मिलचा हिशेब आणि घराचा हिशेब वेगळे नसतात. काकांचा वाटा, बहिणीचे लग्न, आईचे दागिने, सगळे एकाच वहीत. करिअर आणि कुटुंब एका पानावर आणण्याची गोष्ट मी वर केली, ती या माणसाला रोज करावी लागते. म्हणून बॅचमध्ये बोलण्यासारखे सर्वांत जास्त त्याच्यापाशी असते, आणि मेळाव्यात तो बहुधा कमी बोलतो. काही जण येतच नाहीत. जे येत नाहीत त्यांच्यावाचून काढलेला बॅचचा ताळेबंद चुकीचाच निघणार.

खबर देण्याघेण्याची दुसरी रीत पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत आहेच. भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरू लागते. दिवसा बाजार, रात्री नाटक किंवा दंडार. नोकरीनिमित्त बाहेर गेलेली पोरे, सासरी गेलेल्या लेकी, आठवीपर्यंत बरोबर शिकलेले आणि आता शेती करणारे, सगळे त्या एका दिवशी गावात असतात. तिथे हुद्दा विचारतात, नाही असे नाही. पण त्याच दमात धान किती झाले, बाप कसा आहे, लहान्याचे लग्न जमले का, हेही विचारतात. उत्तर ऐकून माणूस तसाच निघून जात नाही. बाप आजारी असेल तर नागपूरच्या डॉक्टरचे नाव सुचवतो, लग्न जमले नसेल तर ओळखीचे स्थळ सांगतो. खबर ऐकली की ऐकणाऱ्यावर थोडे ओझे येते आणि ते त्याला मान्य असते. मंडईत हेवेदावे नसतात, दिखावा नसतो, असे मी म्हणणार नाही. नवी गाडी घेऊन येणारा ती पारावरच लावतो. पण गाडीवाल्याच्या म्हाताऱ्या आईची औषधे कोण आणून देतो, हे पारावरच्या सगळ्यांना ठाऊक असते, त्यामुळे दिखाव्याला आपोआप आळा बसतो. मोठ्या हॉटेलातल्या मेळाव्यात ही माहिती कोणापाशीच नसते. तिथे माणसाने स्वतःविषयी जे सांगितले तेवढेच खरे धरावे लागते.

यावर आक्षेप येतील आणि ते हलके नाहीत. पहिला असा, की मेळावा हा चार घटका आनंदाचा प्रसंग. पंचवीस वर्षांनी भेटलेल्या माणसापुढे घरातली दुखणी कशाला काढायची, आणि ती विचारण्याचा हक्क तरी कोणाला? ज्या बाईचा घटस्फोट झाला आहे, ज्याला मूल नाही, ज्याची नोकरी पन्नाशीत गेली, त्याला ‘मोकळेपणाने सांगा’ म्हणणे ही दांडगाई होईल. हे मला मान्य आहे. दुःख सांगण्याची सक्ती नको. पण मी दुःखाची नोंद मागत नाही, यशाची पुरती नोंद मागतो आहे. ज्याच्यापाशी मोठा हुद्दा आहे त्याने तो सांगतानाच हेही सांगावे, की या काळात घर कोणी धरून ठेवले, कोणाची नोकरी सुटली, कोणत्या भावाने गावाकडची शेती आणि आईबाप दोन्ही पाहिले. याने त्याच्या खाजगीपणाला धक्का लागत नाही. श्रेय ज्याचे त्याला मिळते, एवढेच. आणि यशवंतांनी आपल्या यशाचा खर्च सांगायला सुरुवात केली, की ज्यांच्या वाट्याला नुसता खर्चच आला त्यांना तोंड उघडणे सोपे जाते. दुसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा. माजी विद्यार्थ्यांचे जाळे हे कामासाठी असते. कोण कुठे आहे हे कळले की नोकरी मिळते, गुंतवणूकदार मिळतो, तेवढ्याला हुद्दा आणि फोन नंबर पुरेसा आहे. पुरेसा असेल. पण नोकरी सुटल्यावर माणूस ज्याला फोन करतो, तो यादीतला सर्वांत मोठा हुद्देदार क्वचितच असतो. ज्याला आपल्या घरची परिस्थिती आधीपासून ठाऊक आहे आणि जिथे शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही, अशा मित्राचा नंबर तो आधी फिरवतो. व्यवहारालाही पुऱ्या खबरीचाच उपयोग जास्त.

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण, आणि तो खुद्द भवभूतीच्या कथेतून निघतो. मित्रामित्रांनी शब्द दिला आणि त्यात न जन्मलेली मुले बांधली गेली, हे बंधन चांगले म्हणावे का? आजही पन्नाशीच्या बॅचमध्ये मुलामुलींचे बायोडेटा फिरतात. एकाच पगारगटातली, बहुधा एकाच जातीतली, एकाच प्रकारच्या शाळांतली घरे एकमेकांत लग्ने लावतात आणि ओळखीच्या मोठ्या नोकऱ्याही तिथल्या तिथे फिरतात. जुन्या वर्गाचे एकमेकांवर असलेले ओझे असे घट्ट झाले, की बाहेरच्याला आत यायला दार उरत नाही. हा धोका खरा आहे आणि तो मी नाकारत नाही. मात्र नाटकात भवभूतीने काय केले तेही पाहावे. कामंदकीने मालती-माधवाला शब्दाच्या जोरावर बोहल्यावर चढवले नाही. आधी ती दोघे एकमेकांना दिसतील, एकमेकांकडे ओढली जातील, अशी तजवीज तिने केली. शब्द पाळण्याची जबाबदारी तिने स्वतःवर घेतली आणि पसंतीचा भाग मुलांकडे ठेवला. सत्तेच्या बाजूने लावले जाणारे लग्न मोडून काढायला तिने जुन्या वर्गाचा आधार घेतला. म्हणून मला भेद करावासा वाटतो तो असा: वर्गमित्राच्या खबरीने माझ्यावर ओझे यावे, माझ्या किंवा त्याच्या मुलांवर येऊ नये. त्याच्या मुलीला नोकरी लावून देण्यापेक्षा, त्याच्या बायकोला दहा वर्षांच्या खंडानंतर कामावर परतायचे असेल तर तिच्या अर्जाकडे ‘गॅप’ म्हणून न पाहणे, हे ओझे उचलण्यासारखे आहे. बॅचमधले कितीतरी जण आज माणसे नेमण्याच्या जागेवर बसलेले आहेत, त्यांच्या हातात हे आहे.

मागे पडलेल्यांचे काय, याविषयीही भवभूतीकडे एक पात्र आहे. ‘उत्तररामचरिता’च्या दुसऱ्या अंकात आत्रेयी नावाची तापसी वाल्मीकींचा आश्रम सोडून दंडकारण्यात आलेली दिसते. का आलीस म्हणून वनदेवता वासंती विचारते, तेव्हा ती स्वच्छ सांगते की तिथे कुश-लव शिकतात, त्यांच्या बुद्धीपुढे आमचा टिकाव लागत नाही, म्हणून वेदान्त शिकायला अगस्त्यांकडे चालले आहे. गुरू सगळ्यांना सारखेच शिकवतात, पण फळ सारखे येत नाही, हेही तिचेच म्हणणे. या सांगण्यात लाज नाही, तक्रारही नाही. आणि पुढे वासंतीला मधल्या काळाची सगळी खबर हीच आत्रेयी देते: सीतेचा त्याग, रामाचा अश्वमेध, जुळ्यांचे शिक्षण. वर्ग सोडून आलेल्या मुलीच्या तोंडून ती येते, म्हणून तिच्यात यशाबरोबर दुःखही येते. सीतेची हकिकत ऐकून वासंती मूर्च्छित होते. यशाचीच नोंद ठेवणाऱ्या आश्रमातून ही खबर अशी बाहेर आली असती, असे मला वाटत नाही.

आज महाविद्यालयांना नॅकच्या मूल्यांकनासाठी माजी विद्यार्थ्यांची नोंद ठेवावी लागते, मेळावे घ्यावे लागतात, त्यांनी संस्थेला किती रुपये दिले हेही दाखवावे लागते. म्हणजे नोंदवही आहे, माणसे बोलावली जात आहेत. फक्त त्यांना विचारायचे प्रश्न बदलायचे आहेत. नोकरी कुठे, पगार किती याच्या जोडीला पहिली नोकरी का सोडली, गावी परत आलात तर कोणासाठी, मूल झाल्यावर घरातल्या कोणाचे काम थांबले आणि ते पुन्हा सुरू झाले का, हे विचारता येईल. ज्याला सांगायचे नाही त्याने रकाना कोरा ठेवावा. जे सांगतील त्यांची उत्तरे शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींच्या हातात द्यावीत. गोंदिया जिल्ह्यातली एखादी मुलगी जेव्हा पुण्यातल्या नोकरीचे पत्र हातात घेऊन घरी जाते आणि त्याच महिन्यात तिला पाहायला स्थळ येते, तेव्हा तिच्या कॉलेजातून आधी बाहेर पडलेल्या दहा-वीस जणींनी त्या दोन गोष्टी कशा जमवल्या, कोणाला त्या जमल्या नाहीत आणि कोणाच्या सासरच्यांनी काय कबूल करून काय पाळले, हे तिला त्याच आठवड्यात वाचायला मिळाले पाहिजे.